३४ पैशांचा पुरावा: कर्जाच्या तक्रारीत तज्ज्ञ म्हणून पहिल्यांदा उभं राहताना

फोन साधारण असा येतो. "साहेब, तुम्ही बँकेत होता ना? ग्राहक आयोगात एक तक्रार टाकलीय. फायनान्सवाल्यांनी व्याज जास्त लावलंय. तुम्ही फक्त एक कागद लिहून द्या." फोन करणारा वकील ओळखीचा असतो, बऱ्याचदा भाच्याचा वर्गमित्र. 'फक्त एक कागद' हे शब्द ऐकून लगेच हो म्हणू नका. त्या कागदावर तुमची सही असते, सोबत शपथपत्र लागतं, आणि काही महिन्यांनी समोरचा वकील त्यावर वीस प्रश्न लिहून पाठवतो.

मी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालो आणि कोल्हापुरातच राहून असे अहवाल लिहायला लागलो. सुरुवातीला सांगणारं कुणी नव्हतं, त्यामुळे चुका करत शिकलो. निवृत्त बँकवाले, तरुण सीए, पतसंस्थांचे लेखापरीक्षक आणि संगणक जाणणारी मुलंमुली आता या कामाकडे वळतायत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मागणी कशामुळे वाढली

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३८ प्रमाणे आयोगापुढची तक्रार मुख्यतः शपथपत्रं आणि कागदपत्रांवर चालते. पिंजऱ्यात उभं करून तासभर उलटतपास, असा प्रकार तिथं क्वचित. म्हणजे खातेउताऱ्यातला घोळ कागदावरच उलगडून दाखवावा लागतो, आणि ते काम ना कर्जदाराला जमतं ना बहुतेक वकिलांना.

दुसरं म्हणजे नियमच आकडेमोडीचे झालेत. थकलेल्या हप्त्यावर दंडव्याज लावायचं नाही, ठरलेला दंड आकारायचा आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेनं १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात सांगितलं. नव्या कर्जांना ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या कर्जांना मुख्य तथ्य विवरणपत्र आलं, त्यात सगळा खर्च धरून वार्षिक दर दाखवावा लागतो. हे पाळलं की नाही ते नुसतं वाचून कळत नाही, हिशोब मांडावा लागतो.

तिसरं कारण १ जुलै २०२४ पासूनचं. भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राचे दोन भाग झाले: भाग अ पक्षकाराचा, भाग ब तज्ज्ञाचा. म्हणजे ॲपवरून घेतलेल्या कर्जाचा स्क्रीनशॉट दाखल करायचा तरी तज्ज्ञाची सही हवी. त्याबद्दल पुढं लिहितो.

आधी ठरवा, हे काम तुमचं आहे का

कर्जाच्या वादात तज्ज्ञ चार तऱ्हेचे लागतात. हिशोबाचा, पतमाहितीचा म्हणजे लोक ज्याला सरसकट 'सिबिल' म्हणतात त्याचा, सही-हस्ताक्षराचा आणि डिजिटल पुराव्याचा. सोनेतारणाचा वाद असेल तर पाचवा, टंच म्हणजे सोन्याची शुद्धता सांगणारा. तो गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात सापडतो, आपल्यात नाही.

एकाच माणसानं दोन-तीन टोप्या घालू नयेत. मी तीस वर्षं चेकवरच्या सह्या ताडून पाहिल्या, म्हणून मी हस्ताक्षरतज्ज्ञ होत नाही. हिमाचल प्रदेश विरुद्ध जयलाल या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं दोन गोष्टी सांगितल्या. त्या विषयाचा खास अभ्यास किंवा अनुभव असल्याशिवाय कुणी तज्ज्ञ ठरत नाही. आणि तज्ज्ञानं निष्कर्ष सांगून थांबायचं नसतं; तो निष्कर्ष कसा तपासायचा याची मोजपट्टी न्यायाधीशाच्या हातात द्यायची, म्हणजे ते स्वतःचं मत स्वतः बनवू शकतील. प्रकरण सफरचंदाच्या बागांचं होतं, पण कर्जाच्या खात्याला ते जसंच्या तसं लागू पडतं. तुमचा आकडा आयोगाच्या सदस्यांच्या कॅल्क्युलेटरवर यायला हवा. तो फक्त तुमच्याच एक्सेलमध्ये येत असेल तर त्याची किंमत शून्य.

पैपाहुणे बघा

आपल्याकडं हा भाग हसण्यावारी नेतात, पण कोल्हापूर जिल्ह्यात दोन माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला पाहुणे निघतात. तक्रारदार बायकोच्या माहेरचा, पतसंस्थेचा चेअरमन जुना तालमीतला, बँकेचा वकील सोसायटीतला शेजारी. ज्या बँकेतून तुम्ही पेन्शन घेता तिच्याविरुद्ध अहवाल लिहायचा की नाही, हेही इथंच ठरवा. मी लिहीत नाही. बाजूनंही नाही आणि विरुद्धही नाही.

दूरचं नातं निघालं तर काम सोडलंच पाहिजे असं नाही. अहवालाच्या पहिल्याच पानावर ते लिहा. आपण आपल्या तोंडानं सांगितलेलं नातं दोन ओळींत संपतं, समोरच्यानं शोधून काढलेलं सगळा अहवाल घेऊन बुडतं.

तक्रार कुठं चाललीय, याची चौकशी करा

हे वकिलाचं काम, पण तज्ज्ञालाही माहीत हवं. कारण जागेनुसार अहवालाची घडण बदलते. ग्राहक आयोगात शपथपत्र आणि लेखी प्रश्नावली. पतसंस्थेच्या सभासदाचा वाद सहकार न्यायालयात सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली गेला असेल तर साक्ष आणि उलटतपास. सभासदाला ग्राहक आयोगाचाही रस्ता मोकळा आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २००४ सालीच सांगितलंय. २० लाखांच्या वरची बँकेची वसुली असेल तर कर्जवसुली न्यायाधिकरण. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं, म्हणून आता पक्षकार "थेट हायकोर्टातच जाऊया की" म्हणतात. हप्त्याच्या हिशोबाचा वाद तिथून सुरू होत नसतो, हे त्यांना समजावणं वकिलावर सोडा.

दोन गोष्टी मात्र तुम्हीही विचारा. एक, तक्रारीचं कारण घडल्याला दोन वर्षं होऊन गेलीत का? आयोगाची मुदत तेवढीच, नंतर विलंब माफीचा अर्ज लागतो. दुसरी, कर्ज कशासाठी घेतलं होतं? एका जाहिरात कंपनीला बँकेनं चुकीनं थकबाकीदार दाखवलं म्हणून राष्ट्रीय आयोगानं ७५ लाखांची भरपाई दिली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला, कारण कर्ज नफ्याच्या धंद्यासाठी होतं आणि त्यामुळे ती कंपनी 'ग्राहक' ठरत नव्हती. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून चालवायच्या कामाला घेतलेलं कर्ज वेगळं. स्वतः टेम्पो चालवणारा आणि वीस टेम्पो भाड्यानं लावणारा यांत फरक आहे. तुमच्या अहवालात कर्जाचा हेतू मंजुरीपत्रात जसा लिहिलाय तसाच उतरवा, आपल्या मनानं गोड करू नका.

कागद मागवा, सगळे

पक्षकार येतो तो कापडी पिशवी घेऊन. तिच्यात लाईट बिल, लग्नपत्रिका, विम्याची पावती आणि मध्येच कुठंतरी कर्जाचा करारनामा. शांतपणे सगळं बाहेर काढा. लागतं ते असं: मंजुरीपत्र, पूर्ण करारनामा (शेवटच्या परिशिष्टासकट, कारण दंडाचा दर तिथंच असतो), परतफेडीचं वेळापत्रक, कर्ज दिल्याच्या दिवसापासून आजपर्यंतचा खातेउतारा, ज्या बचत खात्यातून हप्ता जातो त्याचं स्टेटमेंट, दर बदलल्याची पत्रं आणि तारीख असलेला पतमाहिती अहवाल.

'गेल्या वर्षाचा उतारा' चालत नाही. चूक पहिल्या वर्षात असते आणि फळ चौथ्या वर्षात येतं. बँकेचा उतारा बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायदा १८९१ खालच्या प्रमाणपत्रासह मागा. कंपनी देत नसेल तर वकिलाला आयोगात अर्ज करायला सांगा. कागद हजर करण्याचा हुकूम आयोग देऊ शकतो. कागद अपुरे असताना अहवाल लिहायची वेळ आलीच, तर काय मिळालं नाही त्याची यादी आधी लिहा आणि मत त्यापुरतंच द्या.

हिशोब: इथं घाई नको

गडहिंग्लजकडच्या एका भाजीवाल्याचं प्रकरण सांगतो, काही तपशील बदलून. मे २०२४ मध्ये टेम्पोसाठी एका फायनान्स कंपनीकडून ६ लाखांचं कर्ज घेतलेलं. ६० हप्ते, दर महिन्याला १३,५००. तक्रार अशी: "साहेब, सात टक्के म्हणाले हुते. आता साडेबारा लावल्यात बघा."

मांडून पाहिलं. ७ टक्के फ्लॅट दरानं, म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण ६ लाखांवर धरून, ५ वर्षांचं व्याज २ लाख १० हजार. एकूण ८ लाख १० हजार, भागिले ६०, म्हणजे बरोबर १३,५००. आता तेच कर्ज घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडून उरलेल्या मुदलावरच व्याज धरून मांडलं तर ज्या दरानं हप्ता १३,५०० येतो तो दर जवळजवळ १२.५ टक्के. करारात दोन्ही दर लिहिलेले होते, एकाच पानावर, फ्लॅट मोठ्या अक्षरात आणि दुसरा बारीक. वाईट वाटलं, पण आकडा चुकीचा नव्हता. मी त्याला आणि त्याच्या वकिलाला तसंच सांगितलं, की या मुद्द्यावर माझा अहवाल तुमच्या बाजूनं येणार नाही. नवख्या माणसाला इथंच मोह होतो. ज्यानं पैसे दिले त्याला नाराज कसं करायचं?

मग खातेउतारा ओळीनं वाचला, आणि खरी भानगड तिथं निघाली. नोव्हेंबर २०२४ चा हप्ता ५ तारखेला परत गेला, खात्यात पैसे कमी होते. त्यानं महिना संपता संपता १३,५०० भरले. त्याच्या मते विषय मिटला. कंपनीनं त्या रकमेतून आधी चेक परतीचे ५९० (जीएसटीसह) आणि दंडाचे २७० वळते केले. उरलेल्या रकमेत हप्ता ८६० नं अपुरा पडला. ५ डिसेंबरचा हप्ता वेळेवर गेला, पण त्यातले ८६० मागच्या तुटीला गेले आणि डिसेंबरचाच हप्ता ८६० नं अपुरा राहिला. त्या महिन्याचा दंड २ टक्के, म्हणजे १७ रुपये २० पैसे. पुढच्या महिन्यात दंड १७ रुपये ५४ पैसे. त्याच्या पुढच्या महिन्यात १७ रुपये ८९ पैसे.

२० पैशांचे ५४ झाले कुठून? ८६० वर २ टक्के दर महिन्याला १७.२० च येतात. १७.५४ येतात ते ८७७.२० वर, म्हणजे मागचा दंड मुदलात मिसळून त्यावर दंड चढवला तरच. ते ३४ पैसे म्हणजे दंडावरचा दंड. २०२३ चं परिपत्रक जे करू नका म्हणतं, ते इथं झालेलं दिसत होतं, आणि ते दाखवायला एक कॅल्क्युलेटर पुरत होता.

रक्कम चहाच्या कपाएवढीही नाही, हे खरं. पण तुटीची साखळी कधीच संपत नव्हती. हप्ता दर महिन्याला वेळेवर जात होता आणि पतमाहितीत दर महिन्याला तो थोडा थकीत दिसत होता. मुलीच्या शिक्षणाचं कर्ज दुसऱ्या बँकेनं नाकारलं ते त्यापायी. माझ्या अहवालाचा गाभा हा होता, १२.५ टक्क्यांचा मुद्दा एका परिच्छेदात संपला.

आलेली रक्कम आधी दंडाला वळती करायची की आधी हप्त्याला, हे करारातल्या कलमावर अवलंबून असतं, आणि त्या कलमाचा अर्थ लावणं आयोगाचं काम. म्हणून मी दोन तक्ते जोडले. तक्ता अ: कंपनीच्या क्रमानं. तक्ता ब: आधी हप्ता, मग दंड. दोन्हींत प्रत्येक महिन्याची थकबाकी, दंड आणि शेवटची शिल्लक. ज्यांना जो अर्थ पटेल त्यांनी तो तक्ता घ्यावा. नवख्या तज्ज्ञाला मी एकच सवय लावायला सांगेन ती ही: वाद अर्थाचा असेल तिथं दोन तक्ते, वाद आकड्याचा असेल तिथं एक.

बाकी तपासायच्या जागा थोडक्यात. व्याज ३६५ दिवसांवर काढलंय की ३६० वर: ५ लाखांवर ११ टक्क्यांनी ३१ दिवसांचं व्याज ३६५ नं ४,६७१.२३ येतं आणि ३६० नं ४,७३६.११. करारात ३६० लिहिलं नसेल तर दर महिन्याचा तो फरक मोजा. बदलता दर असेल तर प्रत्येक बदलाची तारीख. विम्याचा हप्ता कर्जात घुसवलाय का, आणि त्याला संमतीची सही आहे का. भरलेले पैसे कुठल्या तारखेला जमा धरले. शेतीकर्ज सोसायटीचं असेल तर दामदुपट: सहकार कायद्याच्या कलम ४४अ प्रमाणे १५ वर्षांपर्यंतच्या शेतीकर्जावर मुदलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. आपल्या जिल्ह्यात हा मुद्दा वरचेवर येतो.

'सिबिल'चा भाग

लोक सिबिल म्हणतात, पण पतमाहिती कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क. चौघींकडची नोंद सारखी असेलच असं नाही. चारही अहवाल काढायला सांगा. वर्षातून एकदा प्रत्येकीकडून पूर्ण अहवाल फुकट मिळतो. जुन्या अहवालाची पीडीएफ जपून ठेवायला सांगा, कारण दुरुस्ती झाल्यावर चुकीची नोंद दिसेनाशी होते आणि मग पुरावा कुठला?

तुमचं काम तीन कॅलेंडरं एकाखाली एक मांडणं. वरच्या ओळीत बचत खात्यातून पैसे गेल्याची तारीख, मधल्या ओळीत कर्जखात्यात जमा झाल्याची, खालच्या ओळीत पतमाहितीत दिसणारे थकीत दिवस. तिन्ही ओळी जुळल्या नाहीत की ती जागा पिवळ्या रंगानं भरा. एवढाच तक्ता कित्येकदा पूर्ण अहवालाचं काम करतो.

तक्रारीच्या तारखाही लिहा. चुकीच्या नोंदीची तक्रार केल्यापासून ३० दिवसांत निकाली काढायची आणि नाही काढली तर दिवसाला १०० रुपये तक्रारदाराला द्यायचे, हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून आहे. त्या ३० दिवसांतले २१ कर्ज देणाऱ्या संस्थेचे. म्हणजे उशीर नेमका कुणाकडं झाला, हे ईमेलच्या तारखांवरून सांगता येतं. आणि सांगावंच.

पण 'या चुकीमुळे गुण ८० नं घसरले' असलं वाक्य लिहू नका. गुण काढायचं सूत्र कंपन्या उघड करत नाहीत. नोंद चूक होती आणि कर्ज नाकारल्याच्या पत्रात हे कारण दिलंय, एवढं तुमच्या हातात आहे. मानसिक त्रासाची किंमत तर मुळीच लावू नका.

पीककर्जाचं वेगळं लक्षात घ्या. ९० दिवस थकलं की एनपीए म्हणजे अनुत्पादित कर्ज, हे गणित बँकेच्या पीककर्जाला लागत नाही. तिथं हंगाम मोजतात: कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम, जास्त मुदतीच्या पिकाला एक. हंगाम एक वर्षापेक्षा मोठा असेल तर पीक जास्त मुदतीचं. उसाच्या पट्ट्यात राहून हे माहीत नसेल तर अहवाल लिहायला बसू नये. आडसाली ऊस शेतात दीड वर्ष उभा असतो, बिल कारखान्याकडून येतं, आणि संगणकात कुणी खात्याचा प्रकार चुकीचा टाकला की शेतकरी तीन महिन्यांत थकबाकीदार. अशा प्रकरणात खात्याचा प्रकार, पिकाची नोंद आणि परतफेडीची ठरलेली तारीख या तीन गोष्टी आधी तपासा.

मोबाईलमधला पुरावा

ॲपवरचं कर्ज, व्हॉट्सॲपवरचं वसुलीचं बोलणं, रेकॉर्ड केलेले फोन. अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीला प्रमाणपत्र हवंच असं सांगितलं. ग्राहक आयोगाला पुराव्याचा कायदा तंतोतंत बांधत नाही, तरी प्रमाणपत्र जोडलेलं बरं. आता ते साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली लागतं.

भाग ब मध्ये तज्ज्ञानं फाइलचं हॅश मूल्य आणि ते काढायची पद्धत लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. फाइलमधलं एक अक्षर हललं तरी ठसा पूर्ण बदलतो. मूळ फोनमधून फाइल घेताना व्हॉट्सॲपवरून स्वतःला पाठवून घेऊ नका. फोटो त्यात आक्रसतो आणि ठसा मूळ फाइलशी जुळत नाही. केबल लावा, फाइल उतरवा, लगेच हॅश काढा, वेळ लिहा. आधी वाचत बसून मग हॅश, असं नको.

मी स्वतः भाग ब वर सही करत नाही. मला हॅश काढता येतो, पण मधल्या काळात फोनमध्ये काही बदललं का, असं विचारलं तर उत्तर देता येणार नाही. हे काम सायबर फॉरेन्सिक शिकलेल्या तरुणांनी घ्यावं. कोल्हापुरात त्यांना काम कमी पडणार नाही.

अहवाल लिहिताना

क्रम मी असा ठेवतो: मी कोण, माझा अनुभव काय, कुणी बोलावलं, नातं काय, काय विचारलं गेलं, कुठले कागद पाहिले, कुठले मिळाले नाहीत, हिशोबाची पद्धत, तक्ते, मत. भाषा मराठी, कारण तक्रारदाराला आपलाच अहवाल वाचता आला पाहिजे. तक्त्याखाली एका महिन्याचं गणित पूर्ण सोडवून दाखवा. बाकीचे महिने त्याच चाकोरीत गेले हे मग कुणालाही तपासता येतं.

माझी एक चूक इथं सांगायलाच हवी. सुरुवातीच्या एका अहवालात शेवटी मी लिहिलं, "यावरून सामनेवाले यांनी तक्रारदाराची फसवणूक केल्याचे स्पष्ट होते." लिहिताना छाती फुगली होती. समोरच्या वकिलानं तेच वाक्य उचललं. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली सिटी युनियन बँकेच्या प्रकरणात सांगितलंय की फसवणुकीसारखे, तथ्यांवर मोठा वाद असलेले आरोप आयोगाच्या संक्षिप्त कामकाजात ठरवता येत नाहीत. त्याचा युक्तिवाद सरळ होता: तक्रारदाराचा तज्ज्ञच फसवणूक म्हणतोय, मग दिवाणी कोर्टात जा. आमच्या वकिलाला ते वाक्य मागे घेण्यासाठी पुरसीस, म्हणजे तसं लेखी निवेदन द्यावं लागलं आणि एक तारीख गेली. हिशोब बरोबर होता, पण ते वाक्य लिहिणं माझं काम नव्हतं. फसवणूक, अनुचित प्रथा, सेवेतली त्रुटी, हे शब्द आयोगाचे. तुमचे शब्द: 'नोंद जुळत नाही', 'करारातल्या दरापेक्षा इतके जास्त', 'या तारखेला जमा धरलेले नाही'.

प्रश्नावली आली की

तज्ज्ञाला तपासता येतं, आणि त्याचा उलटतपास लेखी प्रश्नांनी घेता येतो, हे डॉ. जे. जे. मर्चंट प्रकरणात २००२ सालीच ठरलंय. प्रश्न ठरलेले असतात. तुम्ही पैसे घेतले का? घेतले, इतके, अहवाल कसाही आला तरी तेवढेच. तुम्ही सीए आहात का? नाही, बँकेत इतकी वर्षं कर्जखाती सांभाळली. कंपनीचं सॉफ्टवेअर तुम्ही पाहिलंय का? नाही, कंपनीनं दिलेला उतारा पाहिलाय. उत्तर एका ओळीत द्या आणि थांबा. वकिलाला सोबत बसवून उत्तरं गुळगुळीत करून घेऊ नका, भाषा बदललेली लगेच कळते.

चूक सापडली तर मान्य करा, दुरुस्त तक्ता त्याच उत्तरासोबत द्या. एकदा माझ्या तक्त्यात फेब्रुवारीचे २९ दिवस धरायचे राहिले होते. फरक दोनशे रुपयांच्या आतला. "हो, चुकलं, सुधारित तक्ता जोडला आहे" एवढं लिहिलं. पुढचे प्रश्न आलेच नाहीत.

पैसे आणि फाइल

मानधन आधी ठरवा, अर्धं कागद हातात घेताना आणि उरलेलं अहवाल देताना. 'भरपाई मिळाली की दहा टक्के' असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. ज्याचा पैसा निकालावर लटकलाय त्याचं मत कोण मानेल?

आणि फाइल जपा. जिल्हा आयोगाच्या निकालावर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडं अपील होतं, आणि ते वर्षानुवर्षं चालतं. तीनेक वर्षांनी वकिलाचा फोन येतो, "साहेब, तक्ता ब मधला अठ्ठाविसावा महिना जरा सांगता का?" तोपर्यंत लॅपटॉप बदललेला असतो. एक्सेलची दाखल केली तीच आवृत्ती, तिची छापील प्रत आणि मिळालेल्या कागदांच्या झेरॉक्स एका दोऱ्यात बांधून वर प्रकरणाचा क्रमांक लिहून ठेवा. माझ्याकडं त्या भाजीवाल्याची फाइल अजून माळ्यावर आहे. त्याचं अपील चालू आहे.